गज्या, तुझी दुसरी रेकॉर्डिंग

गज्या, तू गेल्यानंतर पाच बुधवार तुझा आवाज कामरगावात ऐकू आला. त्यातला पहिला माझ्या चुकीनं. ती चूक तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. तू म्हणशील, मेलेल्या माणसाला कसला जबाब देतो बे. पण तुला जबाब द्यायची सवय मला पाचवीपासून आहे.

लोक मला विचारतात, हा गजानन नेमकं काय करत होता? कृषी केंद्रात बियाणं आणि फवारणीची औषधं विकायचा, हे त्यांना माहीत असतं. ते विचारतात त्या बुधवारच्या भानगडीबद्दल. मी सांगतो, की जगात कुठं कोणतं कॉमिक छापून येणार, कोणत्या सिनेमात कोणता मुखवटेवाला उडणार, कोणता व्हिडिओ गेम कधी निघणार, याची खबर तो वऱ्हाडीत बोलून ग्रुपवर टाकायचा. दर बुधवारी, बाराच्या ठोक्याला. बुधवार अशासाठी, की तिकडं परदेशात नवी कॉमिकं बुधवारी दुकानात लागतात. इंग्रजी नावं तू कधी घेतली नाहीस. ‘धुक्यातला रखवालदार’, ‘लाल ग्रहावरचा डाकिया’, ‘अकरावी घंटा’ अशी नावं तूच पाडलीस. ऐकणारे शे-दीडशे लोक. त्यातल्या निम्म्यांनी जन्मात कॉमिक हातात धरलं नव्हतं, पण डाकियाचं पुढं काय होणार याची काळजी त्यांना स्वतःच्या साडूपेक्षा जास्त होती.

आणि तुझी ती पद्धत! प्रत्येक खबर तू दोनदा बोलायचास. कॉमिकवाले काय, सिनेमावाले काय, तारीख देतात आणि ऐनवेळी खांदे उडवतात. मग तू आधीच दोन रेकॉर्डिंगा करून ठेवायचास, एक ‘आली’ची आणि एक ‘नाही’ची. घरामागच्या गोठ्यात बसून बोलायचास, कारण गुरांसाठी साठवलेल्या कुटाराच्या ढिगानं आवाज घुमत नाही असा तुझा शोध होता. मंगळवारी तू दोन्ही माझ्या फ्लेक्सच्या दुकानात पाठवायचास. मी मुखपृष्ठाचं चित्र जोडायचो, खरं काय झालं ते नेटवर पाहायचो, आणि दोन्हींपैकी एक बुधवारी बाराची वेळ लावून ठेवून द्यायचो. उरलेली पुसून टाकायची. न घडलेल्या गोष्टींच्या तुझ्या किती खबरी मी अशा पुसल्या असतील, देव जाणे. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

भांडण एकाच शब्दावरून होतं. ‘नाही’च्या रेकॉर्डिंगमध्ये तू ‘रद्द’ म्हणायचा नाहीस. म्हणायचास, “पुढं ढकललं, मंडळी. तारीख समजली का सांगतो.” ‘धुक्यातला रखवालदार’चा शेवटचा भाग तू किती वर्षं पुढं ढकललास? त्याची चित्रं काढणारा केव्हाच वारला होता. नागपूरला जायच्या आदल्या दुपारी याच टेबलाशी मी तुझ्यावर ओरडलो होतो.

“मेलेला माणूस चित्र कसा काढन बे? रद्द म्हण ना सरळ! लोकाईले कायले लटकून ठेवतं?”

“तारीख जाहीर नाई झाली, एवढंच मले मालूम.”

“हे खोटं बोलनं आहे, गज्या.”

“खोटं नाई. दार उघडं ठेवनं आहे.”

मी तोंड फिरवून मशीनकडं पाहत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी जीप निघाली तेव्हा मी स्टँडवर आलो नाही. लग्नाचे फ्लेक्स आहेत म्हणून निरोप पाठवला. फ्लेक्स एकच होता, तोही झाला होता. मी फुगून बसलो होतो, हे तुला कळलं असणारच.

जाण्याआधी तू चार बुधवारांची सोय करून गेलास. छातीतली झडप बदलायची, मग महिनाभर बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणून आठ रेकॉर्डिंगा, चार जोड्या. पहिली जोडी तुझी स्वतःचीच होती. एकीवर तू लिहिलं होतंस ‘१ आलो’ आणि दुसरीवर ‘१ नाही’. सोबत मला एक ओळ: ‘दोन्ही आयकून मंग ठरवजो.’ मी हसलो. दुसरी उघडलीही नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी दुपारी तुझ्या बाबांचा फोन आला, गजूनं डोळे उघडले, पाणी मागितलं. मी आनंदात ‘१ आलो’ला बुधवारी बाराची वेळ लावली आणि पोरांना चहा पाजला. संध्याकाळी पुन्हा बाबांचा फोन आला. ते बोलले नाहीत. पलीकडं कुणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, त्याची चाकं तेवढी ऐकू आली. मग फोन ठेवला गेला.

बुधवारी सकाळी तुला आणणार होते. गावची रीत, चौकात फोटो लागला पाहिजे, आणि फ्लेक्सचं दुकान माझं. मी तुझा फोटो निवडला, खाली नाव टाकलं आणि मशीन चालू केलं. गज्या, मी हजार माणसांचे असे फ्लेक्स काढले असतील, पण ते मशीन माणसाला कसं काढतं हे त्या दिवशी पाहिलं. ते कपाळापासून सुरू करतं. रेघ रेघ करत खाली येतं. आधी तुझे केस आले, मग भुवया, मग डोळे. डोळे आल्यावर तू माझ्याकडं बघत होतास आणि तुला नाक-तोंड काहीच नव्हतं. ओठांपाशी आल्यावर शाईनं दगा दिला, तोंडाच्या जागी पांढरे पट्टे उमटले. मी दुसरा काढला. त्यातही तिथंच पट्टे. तिसऱ्यात तोंड आलं. या गडबडीत, मी वेळ लावून ठेवलेल्या त्या खबरीची आठवण मला राहिली नाही. तुझंच काम करत होतो रे.

नाल्याकाठच्या स्मशानात अकराला तुला अग्नी दिला. ऊन असं होतं की ज्वाळा दिसत नव्हत्या, नुसती हवा हलताना दिसायची. कवटी फुटल्याचा आवाज आल्यावर सगळे निघाले. म्हाताऱ्यांनी बजावलं, कोणी मागं वळून पाहायचं नाही. रांगेनं आम्ही पायवाटेला लागलो. बाबा पुढं, मी मध्ये, सगळ्यात मागं बंडू कंडक्टर, तुझा पहिल्या दिवसापासूनचा श्रोता.

बारा वाजले. माझ्या खिशात टिंग वाजलं. पुढच्याच्या खिशात वाजलं, त्याच्या पुढच्याच्या, असं रांगभर वाजत गेलं. मला कळलं, आणि माझे पाय जागीच थांबले. बंडूनं फोन काढला असणार आणि सवयीनं दाबला असणार. चितेच्या बाजूनं, आमच्या पाठीमागून, तू मोठ्यानं बोललास:

“राम राम मंडळी, आज बुधवार! घाबरू नोका, मी आलो परत! छातीत नवी झडप बसवली, ग्यारंटीवाली. आता वीस वर्षं तुमाले सोडत नाई!”

कोणी वळलं नाही. ओरडलंही नाही. माझ्या पुढचा माणूस मान खाली घालून उभा राहिला, एवढं मी पाहिलं. बंडूला फोन बंद करायचं सुचेना. तू तसाच बोलत राहिलास, अकराव्या घंटेचा टीझर कधी येणार ते सांगत, आणि मागं लाकडं तडतडत होती.

तुझ्या बाबांनी मात्र वळून पाहिलं. नुसती मान नाही, ते आख्खे वळले. आणि त्यांनी एक हात वर केला, बसमधून उतरणाऱ्या माणसाला लांबून करतात तसा.

मी त्या हाताबद्दल कुणाशी बोललो नाही. गावानं मात्र बोलून घेतलं. “कोनं बोलावलं त्याले?” असं एक म्हातारी मला तोंडावर विचारून गेली. तुझ्या दहाव्याला कावळा शिवणार नाही अशी पैज लागल्यासारखे लोक नाल्यावर जमले होते. पण तू जेवणाच्या बाबतीत कधी भाव खाल्ला नाहीस. पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा आला आणि अर्धा भात घेऊन गेला. जमलेल्यांची थोडी निराशाच झाली.

पण त्याच्या आदल्या दिवसाचं सांगायचं विसरलो. दहाव्याचा आदला दिवस बुधवारचा होता. मी ठरवलं होतं, आता खबर बंद. उरलेल्या रेकॉर्डिंगा पडून आहेत त्या पडून राहू देत. दुपारी बाराला दुकानात एकटा होतो, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. ग्रुप उघडा होता. बारा वाजून दोन मिनिटांनी त्यावर दिसलं: ‘गजानन लिहीत आहे.’

ते थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं. मग तुझ्या नंबरवरून एक आवाजी निरोप आला, अर्ध्या मिनिटाचा. मी तो लावला. त्यात शब्द नव्हते. वारा होता, लांब कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटी होती, आणि फोनच्या अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं. खरं सांगतो, मी कुराणातलं जेवढं येतं तेवढं म्हटलं, आणि मग घाबरल्याचा राग येऊन मोटारसायकल काढली.

तुझे बाबा अंगणातल्या निंबाखाली खाटेवर बसले होते. तुझा फोन दोन्ही हातांत, ओंजळीत पाखरू धरावं तसा. चार्जरची वायर घरातून बाहेरपर्यंत ओढलेली.

“काका, तुमी पाठवलं काय हे?”

“मले लिहिता नाई येत त्याच्यावर. कायतरी दबलं.” मग माझ्याकडं पाहून म्हणाले, “बारा वाजून गेले, नसीर. आज काहून नाई आली खबर?”

मला सांगता आलं असतं, काका, गजू गेला. त्यांनीच तर अग्नी दिला होता. मी तिथंच उभ्या उभ्या दोन नंबरच्या जोडीतली खरी ठरलेली रेकॉर्डिंग शोधली आणि पाठवली. त्यांच्या ओंजळीत टिंग वाजलं. त्यांनी अंगठ्यानं दाबलं आणि फोन कानाला न लावता समोर धरला, माणसाशी बोलताना धरतो तसा.

इथं एक गोष्ट घडली, ती तुला सांगितलीच पाहिजे. ऑपरेशनच्या आधी तुला दम लागायचा. म्हणून त्या रेकॉर्डिंगांत तू दर दोन वाक्यांनंतर थांबतोस, श्वास घेतोस. ग्रुपवरच्या लोकांना त्या मोकळ्या जागा म्हणजे नुसता श्वास. बाबा त्यात बोलू लागले.

“राम राम मंडळी, आज बुधवार,” तू म्हणालास.

“राम राम. जेवला काय रे?”

“हो, सांगतो, सांगतो. आधी डाकियाची खबर.”

“सांग.”

“डाकियाच्या चवथ्या भागाचं कव्हर आलं. पोट्ट्यानं लाल ग्रह सोडला म्हनते.”

“कुठी चालला तो?”

“कुठी चालला ते मले इचारू नोका.”

एकही जागा कमी पडली नाही, एकही जास्त झाली नाही. तू त्यांच्यासाठीच थांबत होतास असं वाटलं. बाबांना यात काही नवल वाटलं नव्हतं. तुझं बोलणं संपल्यावर त्यांनी फोन खाटेवर उपडा ठेवला आणि मला म्हणाले, “गजू मले हे कवाच नाई सांगे. मी इचारलं असतं तं सांगतलं असतं त्यानं.”

पुढचे दोन बुधवार असेच गेले. मी पाठवायचो आणि तुझ्या घरी जाऊन बसायचो, कारण बाबांना एकट्याला तुझ्याशी बोलू द्यायची मला भीती वाटायची. कधी वाटायचं, हे चांगलं आहे, म्हाताऱ्याला आधार आहे. बाबा आता डाकियावर मतं देऊ लागले होते. अकराव्या घंटेचा सिनेमा पुन्हा लांबला तेव्हा ते तुझ्यासारखेच चिडले. तू असताना त्यांना तुझा हा नाद म्हणजे पोरखेळ वाटायचा, आणि तुला ते फार लागायचं, हे मला माहीत आहे. तू हे बघायला हवं होतंस. पण घरी परतताना मला नेहमी थंडी वाजायची, भर उन्हात. तो माणूस तुझी आठवण काढत नव्हता, गज्या. तो तुझी वाट पाहत होता. ‘मी आलो परत’ ही खबर मी त्याला दिली होती आणि ती कुणीच मागं घेतली नव्हती.

मग पाचवा बुधवार आला आणि रेकॉर्डिंगा संपल्या. एकच उरली होती. ‘१ नाही’. ती मी न ऐकता ठेवली होती. पुसायला दोनदा बोट नेलं आणि दोनदा मागं घेतलं. तिच्यात तू काय बोलला असशील ते मला समजत होतं. तू नेहमीसारखं म्हणणार, पुढं ढकललं मंडळी, तारीख समजली का सांगतो. आणि हे ऐकून तो म्हातारा मरेपर्यंत निंबाखाली बसणार. दार उघडं ठेवणं म्हणे!

बाराला पाच कमी असताना मी रिकाम्या हातानं गेलो. घरापुढच्या सपरीत दोन ताटं वाढलेली होती. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, कांदा. एका ताटापाशी बाबा बसले होते. दुसऱ्यापाशी पाट मांडलेला, पाण्याचा तांब्या भरलेला.

“काका, संपल्या खबरी,” मी म्हणालो. “आता नाई.”

“दुसरी कुठी हाय?”

“कोनती दुसरी?”

“नसीर, मी बाप हाय त्याचा. गोठ्यात तो दर येळेस दोनदा बोले, मी कडब्याच्या आडून आयकत होतो. जाच्या आदल्या रोजची एक आयकली. दुसरीच्या येळेस त्यानं मले बैलाईले पानी पाजाले धाडलं. ते कुठी हाय?”

“त्यात चांगलं नसन काका.”

“लाव.”

मी उभा होतो तो जमिनीवर बसलो. माझ्याच फोनवर लावली. तुझा तोच आवाज.

“राम राम मंडळी, आज बुधवार.” मग बराच वेळ काही नाही. माशा घोंगावत होत्या. “नसीर, हे तू आयकून राह्यला म्हंजे काम नाई जमलं. हे ग्रुपवर टाकू नोको. बाबाले आयकव.” पुन्हा श्वास. या वेळी बाबा त्या जागेत काहीच बोलले नाहीत. “बाबा, आई वारली तवा तुमी वर्षभर दाराची कडी लावली नाई. म्हने, ते येईन. मी लहान होतो, मले रातभर भेव लागे. तुमाले कवा सांगतलं नाई. आता पुन्हा तसं करू नोका.” इथं तू खोकललास. “म्हनून एक खबर देतो. हा शब्द मी कवाच वापरला नाई, नसीरले मालूम हाय. गजाननचं परत येनं रद्द. पुढं ढकललं नाई बाबा. रद्द. आजपासून कडी लावून घेजा.”

मग तू उठल्याचा आवाज, कुटाराची सळसळ, आणि संपलं.

गज्या, आपल्या भांडणात मी जिंकलो. हे जिंकणं तू परत घेऊन जा. त्या दुपारी तू म्हणत होतास तेच बरोबर होतं असं मी दहा वेळा लिहून देतो, फक्त तो शब्द तुझ्या तोंडातून मला ऐकवायला नको होतास. आणि तरी तुझे उपकार आहेत. माझ्या चुकीवर उतारा तू चूक घडायच्या आधीच करून ठेवला होतास, आणि मी तो महिनाभर घाबरून दाबून ठेवला. स्टँडवर आलो असतो तर तू मला तोंडी सांगितलं असतंस कदाचित. मला माफ कर.

पुन्हा लावू का, असं मी बाबांना विचारलं, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग तुझा फोन माझ्यापुढं सरकवला. “बंद कसा करा लागते हा?” मी बटण दाखवलं. त्यांनी स्वतः दाबलं. पडदा काळा होईपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडं पाहत होतो. ते रडले, गज्या, पहिल्यांदा रडले. तोंडावर धोतराचा सोगा घेऊन, आवाज न करता, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसलो.

नंतर त्यांनी तोंड पुसलं, माझ्याकडं पाहिलं आणि दुसरं ताट माझ्यापुढं ओढलं.

“जेव. थंडं होऊन राह्यलं.”

ते समोर बसून बघत होते, म्हणून मी जेवलो. सगळं जेवलो. त्यांनी तुझ्यासाठी वाढलेलं ते शेवटचं ताट होतं.